दुःखगीतांचा भाष्यकार

हॉवर्ड थर्मन (१८९९–१९८१) हे नाव आपल्याकडे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते बहुधा गांधीजींच्या भेटीस आलेले एक अमेरिकन धर्मोपदेशक एवढ्यापुरतेच ठाऊक असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांनी रचलेल्या 'स्पिरिच्युअल' नामक भक्तिगीतांचे ते एक मर्मज्ञ भाष्यकार होते, ही गोष्ट मात्र मागे पडते. 'डीप रिव्हर' (१९४५) हे त्यांचे लहानसे पुस्तक आणि जीवन व मृत्यू या विषयांवर या गीतांच्या आधारे त्यांनी १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेले इंगरसोल व्याख्यान, ही दोन्ही आम्ही नुकतीच पुन्हा वाचली. त्यांचे मोल आम्हांस पूर्वीपेक्षा अधिक वाटले आणि उणीवही अधिक जाणवली.

थर्मन यांची आजी जन्माने गुलाम होती. तिला अक्षरओळख नव्हती; नातू तिला बायबल वाचून दाखवी. परंतु संत पॉलची पत्रे, प्रेमावरील एक अध्याय वगळता, ती वाचू देत नसे. कारण मालकाने आणलेला गोरा उपदेशक 'गुलामांनो, धन्याची आज्ञा पाळा' हेच त्या पत्रांतून पुनःपुन्हा सांगत असे. निरक्षर म्हातारीने पवित्र ग्रंथातून केलेली ही निवड म्हणजेच थर्मन यांच्या समीक्षादृष्टीचे मूळ होय. गुलामांनी मालकाचा धर्म जसाच्या तसा घेतला नाही, तो पारखून व पालटून घेतला, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ते सिद्ध करण्याची त्यांची रीत शिक्षकाची आहे. 'गिलादात औषधी लेप नाही काय?' असा यिर्मया संदेष्ट्याचा व्याकूळ प्रश्न. गुलामांच्या गीतात तो प्रश्न उरतच नाही, त्याचे ठाम विधान होते. एका विरामचिन्हाच्या फरकात थर्मन एका समाजाची श्रद्धा दाखवून देतात. स्वर्गावरील गीताचे त्यांचे विवेचन तर याहून मार्मिक. मालकही स्वर्गाच्या गोष्टी बोलतो आणि आपणही. मग दोघे एकाच ठिकाणी कसे जाणार? मालकाने आपला स्वर्ग येथेच भोगला, तेव्हा पुढचा आपला, असा हिशेब गुलाम मनाशी मांडतो आणि स्वर्गाविषयी बोलणारे सगळेच काही तेथे जाणार नाहीत, असे मालकाच्या वाड्याकडे पाहत गातो. भाबड्या भक्तीआड दडलेली ही तिखट नजर वाचकाच्या ध्यानी आणून देणे, हेच भाष्यकाराचे काम.

थर्मन विद्यार्थी असताना त्यांच्या महाविद्यालयातील मुलांनी गोऱ्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ही गीते गाण्यास नकार दिला होता. हे वाचताना आम्ही किंचित ओशाळलो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींकडून जात्यावरच्या ओव्या, जाते नसताना, पाहुण्यांपुढे किती वर्षे म्हणवून घेतल्या!

उणीव आहे ती स्वरांची. १९०३ साली ड्यूबॉइस यांनी आपल्या ग्रंथात प्रकरणांच्या शिरोभागी या गीतांच्या सुरावटी छापल्या होत्या. थर्मन यांच्या विवेचनात शब्द तेवढे उरतात. एकाने उचलावे, समूहाने झेलावे, या गायनरीतीतून अर्थ कसा घडतो, याकडे ते फारसे वळत नाहीत. अभंग चालीवाचून शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांना मात्र हा दोष काढण्याचा अधिकार थोडाच आहे.

१९३५–३६ मध्ये पत्नी सू बेली थर्मन व अन्य दोघांसह ते विद्यार्थी-ख्रिस्ती चळवळीच्या निमंत्रणावरून सिलोन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान येथे व्याख्यानांसाठी आले. कोलंबोत एका सुशिक्षित गृहस्थाने त्यांना परखडपणे विचारले की, ज्यांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले त्यांचाच धर्म घेऊन तुम्ही येथे कसे आलात? पुढे २१ फेब्रुवारी १९३६ रोजी बारडोलीच्या मुक्कामी गांधीजींशी दीर्घ संभाषण झाले. शेवटी गांधीजींच्या इच्छेवरून सूबाईंनी दोन स्पिरिच्युअल गाइली. त्यांतील एक येशूच्या क्रूसारोहणासंबंधी होते. संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या बाईंनी मायदेशी परतल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना परदेशी शिक्षणास पाठविण्याकरिता शिष्यवृत्तीही उभारली. त्यांच्या या कार्याची स्वतंत्र नोंद व्हावयास हवी.

कोलंबोच्या प्रश्नाला थर्मन यांनी दिलेले विस्तृत उत्तर म्हणजे १९४९ चा 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' हा ग्रंथ. येशू स्वतः दरिद्री, पराधीन समाजात जन्मला. त्याचा धर्म निराळा आणि सत्ताधाऱ्यांनी त्याच्या नावे चालविलेला निराळा, हा त्याचा गाभा. युक्तिवाद सच्चा आहे. तथापि ही मंडळी कोलंबोस उतरली त्याच महिन्यात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यास डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. चोखोबांनी देवळाबाहेर उभे राहून रचलेले अभंग पाठीशी असतानाही एका समाजाने २१ वर्षांनी नागपुरास तो उंबरठा सोडला. थर्मन यांचे उत्तर घरात राहून घर आपले म्हणणाऱ्याचे आहे. घर सोडून निघालेल्यास त्या जुन्या गीतांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्या या पुस्तकांत आम्हांस कोठेही आढळला नाही.