म्या थापल्या, मी बसले

‘म्या भाकरी थापल्या, चूल इझवली, मी वट्यावर येऊन बसले अन् डोळा कव्हा लागला, कळलंच नाही.’

हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं नाही, माझ्या आईचं आहे. गंगाखेडच्या बाजूला आमचं गाव. भर दुपारी दार वाजवूनही कुणी उघडेना म्हणून मी जरा चिडलो होतो, त्यावर तिनं दिलेली ही सफाई. ऐकली आणि विसरलो असतो. पण तेवढ्यात भाची तिची जर्मनची वही घेऊन माझ्यापुढं बसली आणि आईचं वाक्य डोक्यातून जाईना.

भाचीनं नर्सिंग केलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडंही घराघरात जर्मनीचं नाव निघतं. परिचारिकेला तिथं कायमची नोंदणी हवी तर बी-टू पातळीपर्यंत भाषा यावी लागते. भाची अजून खालच्या पायरीवर आहे आणि तिथंच अडली आहे. वहीच्या पानावर उभी रेघ, डावीकडं ‘हाबेन’, उजवीकडं ‘झाइन’, आणि दोन्ही बाजूंनी खाडाखोड.

जर्मन माणूस बोलताना भूतकाळ बहुधा दोन तुकड्यांत सांगतो. एक मदतनीस क्रियापद, आणि वाक्याच्या शेवटी मूळ क्रियापदाचं भूतकाळी रूप. मी खाल्लं : ‘इश हाबे गेगेसन’. मी गेलो : ‘इश बिन गेगांगन’. हाबे हे ‘हाबेन’चं रूप, म्हणजे जवळ असणं, बाळगणं. बिन हे ‘झाइन’चं, म्हणजे नुसतं असणं. कुठल्या क्रियापदाला कोणता मदतनीस, हे चुकलं की परीक्षेत मार्क जातात. वर्गात नियम सांगतात तो असा : क्रियापद अकर्मक असेल आणि कर्ता जागेवरून हलला असेल किंवा त्याची अवस्था पालटली असेल, तर झाइन, बाकी सगळं हाबेन.

‘मामा, ब्लाइबन म्हणजे राहणं,’ भाची म्हणाली. ‘हलायचं नाही, बदलायचं नाही. तरी झाइन! मग नियम कशाला सांगतात?’

तिचं म्हणणं खरं होतं. नियमानं पाठ होतं, समजत नाही. मी तिला म्हटलं, वही मीट, आजीचं वाक्य घे.

आईचं वाक्य दोन सर्वनामांवर उभं आहे. आधी ‘म्या’, मग ‘मी’. शाळेत आम्हाला ‘म्या’ हा अडाणीपणा म्हणून शिकवला गेला. निबंधात एकदा ‘म्या पाहिलं’ लिहिलं, तर गुरुजींनी शब्दाभोवती लाल गोल काढून वही वर्गभर फिरवली होती. आज त्या लाल गोलाची कीव येते. ‘म्या’ ही ‘मी’ची तृतीया आहे. ज्ञानेश्वरांच्या मराठीतला ‘मियां’ तो हाच. त्यानं केलं, तिनं केलं असं शहरातला माणूसही म्हणतो; फक्त स्वतःवर आला की कर्त्याची खूण गाळून ‘मी केलं’ म्हणतो. खेड्यातल्या बाईनं ती खूण गाळलेली नाही. ‘म्या केलं’ पण ‘मी आले’. याची चूक तिच्याकडून झोपेतसुद्धा होत नाही.

आता क्रियापदं बघा. ‘थापल्या’ हे भाकरींचं बहुवचन. ‘इझवली’ हे चुलीचं स्त्रीलिंग. या अर्ध्या वाक्यात आई कुठंच दिसत नाही. हेच वाक्य बापानं म्हटलं असतं तरी ‘थापल्या’, ‘इझवली’ हीच रूपं आली असती. (बापानं भाकरी थापल्याचा प्रसंग आमच्या घरात घडलेला नाही, ही गोष्ट वेगळी.) पहाटेपासूनचं सगळं काम होतं, आणि व्याकरण बाईकडं बघतही नाही; भाकरीकडं बघतं, चुलीकडं बघतं. मग ती ‘मी’ म्हणते, आणि ‘बसले’ येतं. त्या ‘ले’मध्ये ती पहिल्यांदा दिसते, बाई म्हणून, एकटी. काम हातावेगळं झाल्यावरच तिच्या वाट्याला स्वतःचं लिंग-वचन येतं. आणि ते किती वेळ? लगेच ‘डोळा लागला’. आता कर्ता डोळा झाला, आई पुन्हा वाक्यातून नाहीशी. पाच क्रियापदांपैकी एका ठिकाणी ती आहे, तेही बसण्याच्या. ठरवून कुणी लिहिलं असतं तर मी त्याला दाद दिली असती. हे दारात उभ्या उभ्या बोललेलं आहे.

हाबेन आणि झाइनची फोड नेमकी इथं होते. कृती कर्त्याच्या हातून निघून दुसऱ्या वस्तूवर जाऊन पडली की हाबेन : भाकरी भाजल्या, ‘हाबे गेबाकन’, चूल विझवली, ‘हाबे आउसगेमाख्ट’. कृती कर्त्यावरच येऊन थांबली, त्यालाच इकडचा तिकडं करून गेली, की झाइन : आले, ‘बिन गेकोमन’. चूल आपली आपण विझली तर जर्मन म्हणतो ‘इस्ट आउसगेगांगन’, शब्दशः ‘बाहेर गेली’, आणि मदतनीस झाइन. आमची ‘विझली’ आणि ‘विझवली’ यांतलं अंतर जर्मनमध्ये मदतनिसानं दिसतं.

जुन्या जर्मनमध्ये तर हे नातं आणखी जवळचं होतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या लिखाणात ‘हाबेन’बरोबर येणारं भूतकाळी रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणं चाले, जसं आपलं आंबा खाल्ला, चिंच खाल्ली. अर्थही मुळात तसाच होता : ‘वाचलेलं पुस्तक माझ्यापाशी आहे’. पुढं ते रूप गोठलं. आपल्या भावे प्रयोगातही असंच गोठतं : म्या त्याला हाकललं, म्या तिला हाकललं. जर्मननं सगळीकडंच भावे प्रयोग केला म्हणा ना.

एक गंमत अशी की मराठीला ‘हाबेन’ हे क्रियापदच नाही. आपल्याला दोन मुलं ‘असतात’, आपल्यापाशी पैसे ‘असतात’. म्हणून आपले सगळे पूर्ण काळ ‘आहे’वरच चालतात : खाल्लं आहे, गेली आहे. तरीसुद्धा मालकीची भाषा आपण मागच्या दारानं आणतोच. ‘माझं दळण झालं’, ‘तुझा अभ्यास झाला का?’ यातलं ‘माझं’ आणि ‘तुझा’ हे जर्मनच्या हाबेनचे चुलतभाऊ आहेत.

दळण निघालं आणि गंगाखेडचा माणूस जनाबाईंना विसरला, असं होणार नाही. गोदाकाठी त्यांचं गाव आणि आमचं जाणं-येणं तिथंच. जनाबाईंबरोबर विठ्ठल दळू लागतो, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. भाचीला मी तेच दिलं. विठोबा आला : ‘इस्ट गेकोमन’. विठोबानं दळलं : ‘हाट गेमालन’. देव एकच, पण येताना ‘विठोबा’, जात्यावर बसला की ‘विठोबानं’. तिनं वहीत उतरवून घेतलं आणि पहिल्यांदा हसली.

पण आजीच्या भरवशावर जर्मनी गाठता येत नाही. ‘म्या’ आला तिथं डोळे मिटून हाबेन लिहावं, क्वचितच चुकेल. ‘मी’ आला तिथं मात्र थांबावं लागतं, कारण मराठी सगळ्या अकर्मकांना एकाच दावणीला बांधते. हसले, रडले, नाचले, जगले : आई इथं ‘मी’च म्हणते, आणि जर्मन मात्र यातल्या प्रत्येकाला हाबेन लावतो. हसून माणूस दुसऱ्या अवस्थेत गेला असं त्याला वाटत नाही. जगणं हाबेन आणि मरणं झाइन. ‘एर हाट गेलेब्ट’, ‘एर इस्ट गेश्टोर्बन’. आयुष्यभर जे काही केलं ते माणसाजवळचं. मेला तेव्हा तो स्वतःच पालटला. झोपेचंही तसंच. रात्रभर झोपलो, ‘हाबे गेश्लाफन’. पण झोपी गेलो, ‘बिन आइनगेश्लाफन’. इथं मराठीनं हळूच मदत केली आहे. ‘झोपी गेलो’मधला ‘गेलो’ तोच इशारा देतो. जिथं मराठीत ‘गेला’ सहज जोडता येतं, कोमेजून गेला, विरघळून गेला, तिथं बहुतेकदा झाइन निघतं.

दुसऱ्या बाजूला शिकले, विसरले, बोलले, चहा प्याले. कर्म असूनही मराठीत कर्तरी. दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून ही अपवादाची पोरं व्याकरणकारांच्या अंगणात खेळताहेत. जर्मनमध्ये चौघांनाही हाबेन. मला यात मराठीची बाजू जास्त पटते. धडा शिकणारा, गोष्ट विसरणारा माणूस आतून थोडा बदलतोच. जर्मननं शिकलेलं मालमत्तेत जमा केलं, मराठीनं शिकणाऱ्याच्या अंगात. भाकरी ‘खाल्ली’, पण मी ‘जेवले’. हा भेद आईला कुणी शिकवला?

आणि ब्लाइबन? राहणं हे असण्याचंच लांबवलेलं रूप आहे. असणाऱ्याला असण्याचाच मदतनीस. भाचीला हे पटलं, निदान तिनं मान डोलावली.

राहिलं ‘बसले’. पुस्तक सांगतं की बसून होते, तर ‘हाबे गेजेसन’. खाली बसले, तर ‘हाबे मिश गेजेत्स्ट’, म्हणजे स्वतःला बसवलं. आपणच आपलं कर्म, म्हणून हाबेन. पण दक्षिण जर्मनीत, म्हणजे नेमकं जिथं भाचीला जायचं आहे त्या श्टुटगार्टच्या बाजूला, बसून होते याला लोक सर्रास ‘बिन गेजेसन’ म्हणतात. उभं राहणं, आडवं पडणं यांनाही तिकडं झाइनच. उत्तरेतल्या पुस्तकानं खोडलेलं तिथं रस्त्यावर, बाजारात, दवाखान्यात रोज बोललं जातं, आणि त्याबद्दल कुणी कुणाची वही वर्गभर फिरवत नाही. परीक्षेत हाबे लिही, तिथं गेल्यावर कान देऊन ऐक, असं मी भाचीला सांगितलं. आईनं तेवढ्यात विचारलं, ‘माझ्या बोलण्यावर येवढं काय लिहून राह्यलात?’

परभणीतल्या, जिंतूर-सेलूतल्या, पूर्णा-पालममधल्या शिक्षकांना एवढीच विनंती. पोराच्या वहीत ‘म्या’ दिसला तर प्रमाण रूप बाजूला जरूर लिहून द्या, पण लाल गोल काढू नका. त्याच पोराला उद्या जर्मन शिकवताना तुम्हाला तो ‘म्या’ लागणार आहे.