गृहप्रवेशाचा मुहूर्त : मुहूर्तचिंतामणींतील एक भेद

रामदैवज्ञानें शके १५२२ (इ. स. १६००) मध्यें काशीस रचिलेल्या मुहूर्तचिंतामणीचें शेवटचें प्रकरण गृहप्रवेशाचें आहे. नव्या घरास माघ, फाल्गुन, वैशाख व ज्येष्ठ हे महिने त्यानें सांगितले. जीर्ण, किंवा अग्न्यादि भयामुळें पुन्हां उभारलेल्या घरास मात्र श्रावण, कार्तिक व मार्गशीर्षही दिले, आणि तेथें गुरुशुक्रांच्या अस्ताचा विचारही आवश्यक मानला नाहीं. प्रकरणाचें मर्म आम्हांस या सवलतींतच दिसतें. नाचणगावाकडे (जि. वर्धा) काळ्या जमिनीवरील मातीची भिंत पावसांत खचते. ‘आदि’ शब्दांत असें पडलेलें घरही येतें. त्याच्या धन्यास माघापर्यंत दुसऱ्याच्या ओसरीवर बसविणारा जोशी पहिला श्लोक तेवढाच वाचतो.

संशोधकांनींही हा भेद विसरूं नये. शनिवारवाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजीं, माघ शुद्ध सप्तमीस, शनिवारीं झाली. (वार जुन्या इंग्रजी गणनेनेंच जुळतो, नव्या गणनेनें ती तारीख २ फेब्रुवारी.) वाडा नवा, महिना नियमास धरून. परंतु दप्तरांत श्रावणांतला प्रवेश आढळतांच मिती चुकली म्हणणें उतावळेपणाचें होय. घर नवें कीं पुन्हां उभारलेलें, हें आधीं पाहावें. ज्यांच्या संग्रहीं नुसत्या मुळाची पोथी असेल त्यांनीं दुसरा श्लोक गोविंदाच्या पीयूषधारा टीकेशीं ताडून पाहावा.