कडुनिंब आणि ‘हाजी मुराद’

ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात काही घ्यायला गेले, की त्या कडुनिंबापाशी पाय थबकतात. शिंद्यांच्या गंगाजळीचे खजिनदार अमरचंद बांठिया, आपल्याच समाजातले. झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्या फौजेला त्यांनी खजिना उघडून दिला. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर परत घेतल्यावर इंग्रजांनी त्यांना इथे फाशी दिली. प्रेत तीन दिवस लटकत ठेवलं होतं, असं सांगतात. भरबाजारात, सगळ्यांनी बघावं म्हणून.

टॉलस्टॉयची ‘हाजी मुराद’ वाचताना मला तेच झाड दिसत राहिलं. कॉकेशसमधल्या रशियन साम्राज्याच्या लढाईवरची ही लहानशी कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये छापली गेली. तरुणपणी तो स्वतः त्या फौजेत होता. जाळलेलं गाव, मुद्दाम घाण केलेला पाण्याचा झरा, मेलेल्या मुलापाशी आक्रोश करणारी आई, हे सारं तो आवाज न चढवता लिहितो.

आपल्याकडे हिंसा तीन प्रकारची मानतात. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती अनुमोदलेली. इथे तिन्ही आहेत. सैनिक करतो. झार निकोलस करवतो. एका विद्यार्थ्याला हजार माणसांमधून बारा वेळा फटके खात चालवायचा हुकूम तो लिहितो, आणि वर आपल्याकडे देहदंड नाही म्हणून समाधान मानतो! दरबार मान डोलावतो.

शेवटी हाजी मुरादचं कापलेलं शिर ठाण्याठाण्यांवर दाखवत नेतात. तेव्हा मारिया दिमित्रियेव्हना ही एकटी बाई पुरुषांना खाटीक म्हणते. मेलेल्याला मातीत द्यायचं असतं, हे ठणकावून सांगते. टॉलस्टॉयने तिला मोजक्याच ओळी दिल्या, ही माझी तक्रार. पण कादंबरीचा सगळा भार त्याच ओळींवर आहे.

बांठियांच्या पुतळ्याला हार घालताना आपण दानाचा अभिमान सांगतो. तो पैसा लढणाऱ्या फौजेसाठी गेला, तेव्हा तीही करवलेली हिंसाच का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्याहून टोचतो तो दुसरा. त्या तीन दिवसांत झाडाखालची दुकानं उघडली असतील का? भीतीने खाली गेलेली मान आणि होकारात हललेली मान, दोन्ही एक नव्हेत. पण फाशी देणाऱ्याला दोन्ही सारख्याच उपयोगी पडतात.

मैत्रिणींनो, हे पुस्तक जरूर वाचा. एका बैठकीत होतं, मनातून मात्र लवकर जात नाही.