जाहीरनामा आणि कलाकृती : ‘ग्रुप १८९०’च्या प्रदर्शनाचा पुनर्विचार

ऑक्टोबर १९६३ मध्ये नवी दिल्लीच्या रवींद्र भवनात ‘ग्रुप १८९०’ या समूहाचे प्रदर्शन भरले. जे. स्वामिनाथन, अंबादास, जेराम पटेल, हिंमत शाह, गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट आदी बारा कलावंतांच्या या प्रदर्शनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. पुस्तिकेचे प्रास्ताविक मेक्सिकन कवी ऑक्ताव्हिओ पाझ यांनी लिहिले. समूहाचे हे पहिले आणि अखेरचे प्रदर्शन. तरीही कलेतिहासात त्याचा उल्लेख होत राहतो, तो बव्हंशी त्याच्या जाहीरनाम्याच्या संदर्भात. कलाकृतींपेक्षा संहिता अधिक वाचली जावी, ही गोष्ट समीक्षेने तपासून पाहण्याजोगी आहे.

राजा रविवर्म्याचा निसर्गवाद, बंगाल शैलीचा आदर्शवाद आणि युरोपीय आधुनिकतेची उसनवारी या तिन्ही गोष्टी जाहीरनाम्याने नाकारल्या. कलाकृती ही वास्तवाची प्रतिकृती नव्हे, तसेच त्याचे अमूर्तीकरणही नव्हे. ती स्वयंसिद्ध अनुभव असते, अशी त्याची भूमिका होती. परंतु कलाकृती संकल्पनेच्या अलीकडची असते, हे सांगण्यासाठी संकल्पनांचाच आश्रय घ्यावा लागला. समूहाच्या नावातही हाच पेच आहे. १८९० हा भावनगरमधील ज्या घरी समूह स्थापन झाला, त्या घराचा क्रमांक. त्यातून कोणताही ‘वाद’ सूचित होत नाही. वाचक मात्र त्यात एखादे साल शोधू लागतो. अर्थ टाळणारे चिन्हही अर्थनिर्णयाला आमंत्रणच देते.

हा पेच कलाकृतींच्या पातळीवर वेगळा होतो. हिंमत शाह यांच्या जळलेल्या कागदांच्या चिकटचित्रांत जळणे हा चित्रविषय नाही. कागदावरील करपलेली कड ज्वालेचे चित्रण करीत नाही. ती ज्वालेची प्रत्यक्ष खूण असते. येथे जाहीरनाम्याचे विधान शब्दांवाचून सिद्ध होते.

मात्र असे सर्वत्र घडत नाही. अकोल्यात जन्मलेले अंबादास पुढेही आकृतिविरहित चित्रणाशी एकनिष्ठ राहिले. शेख कथनपर चित्रांकडे वळले आणि १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या मनुष्याकृतीला केंद्रस्थान देणाऱ्या प्रदर्शनात सहभागी झाले. एकाच भूमिकेतून निघालेल्या वाटा इतक्या भिन्न असतील, तर त्या भूमिकेला कलाकृतींच्या अर्थाचे प्रमाण मानता येत नाही. बारा जणांना एकत्र आणले ते नकाराने. नकार सामायिक असू शकतो. निर्मितीचा हिशेब मात्र प्रत्येक कलाकृतीपाशी स्वतंत्रपणेच मांडावा लागतो.