पाणबुडीचे संगणक-खेळ : प्रच्छन्नतेचा आस्वाद आणि करंजाचा समुद्र

संगणक-खेळ हा समीक्षेचा विषय मानावा की नाही, याविषयी मतभेद संभवतात. तथापि पाणबुडीच्या सिम्युलेशन खेळांचा प्रकार आस्वादाच्या दृष्टीने निश्चितच विचारार्ह आहे. अन्य युद्धखेळांत खेळाडूस पाहण्याचा व मारण्याचा आनंद मिळतो. येथे मात्र न दिसणे हाच आनंदाचा विषय होतो. प्रस्तुत लेखात या आनंदाचे स्वरूप व त्याची मर्यादा तपासावयाची आहे.

सिड मायर यांचा ‘सायलेंट सर्व्हिस’ हा खेळ १९८५ मध्ये आला. या प्रकाराचे परिपक्व रूप २००५ च्या ‘सायलेंट हंटर ३’ मध्ये आढळते. त्यात दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडीचे कप्तानपद खेळाडूकडे असते. बाहेरून पाणबुडी पाहण्याची सोय बंद केली, लक्ष्याचे अंतर, वेग व कोन स्वतः ठरविण्याचे मान्य केले, की वास्तवतेची टक्केवारी वाढते. म्हणजे सोयी जितक्या कमी, तितका आस्वाद अधिक. विनाशिका डोक्यावरून जात असता यंत्रे मंद करून केवळ कानांवर विसंबून थांबावे लागते. पाणतीर सोडल्यावरही तो पोहोचेपर्यंत घड्याळाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. भरताने सांगितलेल्या व्यभिचारी भावांपैकी शंका, औत्सुक्य व धृती यांचाच हा खेळ आहे. वीररस जवळजवळ निमित्तमात्र राहतो. २०१७ चा ‘कोल्ड वॉटर्स’ पाण्यातील तापमानाच्या थराखाली दडण्याचे डावपेच चांगले शिकवितो. परंतु तेथे खेळाडू आपली पाणबुडी बहुतांशी बाहेरूनच पाहतो आणि त्यामुळे कोंडलेपणाची जाणीव पातळ होते.

प्रच्छन्नता हे मूलतः दुर्बळाचे शस्त्र होय. उरणच्या दक्षिणेस, थळच्या समोर असलेल्या खांदेरी बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्रीच्या अंधारात मोठ्या जहाजांना चुकवून रसद पोहोचवीत राहिल्या. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. या प्रसंगात लपणाऱ्याचे बळ किनाऱ्याच्या ओळखीत होते. खेळातील कप्तानास अशा ओळखीची गरज पडत नाही. त्याचा समुद्र म्हणजे खोली, थर व आवाज यांचे गणित.

मर्यादा येथेच दिसते. काही खेळांत मच्छीमार नौका असतात, पण त्या बहुधा लक्ष्यापासून वेगळा काढावयाचा गोंगाट म्हणूनच. त्यांच्यावर माणसे आहेत, पाण्यात त्यांची जाळी पसरलेली आहेत, हे खेळाडूच्या अनुभवात येत नाही. लपणारा व शोधणारा असे दोनच पक्ष तेथे संभवतात.

उरण तालुक्यातील करंजाच्या वाचकास ही उणीव सहज जाणवेल. तेथे नौदलाचा तळ आणि कोळ्यांचे बंदर एकमेकांच्या शेजारी आहेत. करंजा बेटाचेच नाव भारतीय नौदलाच्या दोन पाणबुड्यांना मिळाले. पहिली ‘करंज’ १९६९ मध्ये दाखल होऊन २००३ मध्ये निवृत्त झाली आणि दुसरी १० मार्च २०२१ रोजी दाखल झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर याच दुसऱ्या ‘करंज’ची ‘मार्थोमा’ या मच्छीमार नौकेशी टक्कर झाली. नौकेवरील १३ जणांपैकी ११ जण वाचले, दोघांचा मृत्यू झाला. दोष कोणाचा, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. समीक्षेचा प्रश्न असा, की ज्या खेळात एकमेकांना न दिसणे हाच आनंदाचा गाभा आहे, त्यात त्या तिसऱ्या नौकेच्या फळीवरून दिसणाऱ्या समुद्राला जागा कशी मिळावी? आतापर्यंतच्या प्रमुख खेळांनी हा प्रश्न हाती घेतलेला दिसत नाही.