खाडीचा निर्देशांक आणि डोंगरातल्या भेगा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना ७ सप्टेंबर १९७० रोजी झाली. केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदा १९७४ चा. म्हणजे आपल्या राज्याने त्याआधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा करून हे मंडळ उभे केले होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही सत्तरच्या दशकाच्या आरंभीची. पहिली संस्था हवा-पाण्यात काय मिसळते ते पाहते. दुसरी जमिनीखालचे पाणी मोजते. या कामाचे मोल कमी नाही. पण त्यातून आपल्या हाती येणारे आकडे नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे विज्ञानशिक्षकाने तरी तपासले पाहिजे. त्यासाठी मीरा-भाईंदर हे चांगले उदाहरण आहे.

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, मध्ये मिठागरे, तिवरांची दलदल आणि डोंगर, असा हा भाग. येथील लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांचे सांडपाणी आणि कचरा कोठे जातो, हा प्रश्न ओघानेच येतो.

प्रथम सांडपाण्याचा विचार करू. भाईंदरच्या रेल्वेपुलाजवळ मंडळाचे खाडीचे पाणी तपासण्याचे ठाणे आहे. तेथील नमुन्यांवरून ‘जलगुणवत्ता निर्देशांक’ काढतात. यात चार गोष्टी धरल्या जातात : विरघळलेला प्राणवायू, विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जीवाणू, पाण्याचा सामू आणि जैवरासायनिक प्राणवायूची मागणी. त्यांना अनुक्रमे ०.३१, ०.२८, ०.२२ आणि ०.१९ असे भार दिलेले आहेत. बेरीज ६३ च्या वर गेली की पाणी ‘चांगले’, ३८ च्या खाली आली की ‘फार वाईट’.

या रीतीचे मूळ अमेरिकेत १९७० मध्ये सुचवलेल्या निर्देशांकात आहे. त्यात नऊ घटक होते. आपल्याकडे चार उरले. नदीसाठी हे माप बरे आहे. खाडीला तेच लावले की अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण सामूची. समुद्राच्या पाण्यातील बायकार्बोनेटमुळे त्याचा सामू सहसा ८ च्या आसपास टिकून राहतो. सांडपाणी मिसळले तरी तो फारसा हलत नाही. म्हणजे निर्देशांकाचा पाचवा हिस्सा अशा घटकाला दिला आहे, की जो खाडीच्या दुखण्याची खूणच दाखवत नाही. वर्गात ताप नसलेल्या मुलाला केवळ तेवढ्यावरून निरोगी ठरवण्यासारखेच हे आहे.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. सुमारे २४ तास ५० मिनिटांत खाडी दोनदा भरते, दोनदा ओसरते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येऊन घाण पातळ करते. ओहोटीला नाल्यांचे पाणीच जास्त उरते. एकाच दिवशी, एकाच जागी, सहा तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन बाटल्या दोन वेगळ्या पाण्यांच्या असू शकतात. निर्देशांकाच्या तक्त्यात मात्र भरतीची स्थिती दिसत नाही. मग या महिन्याचा आकडा गेल्या महिन्यापेक्षा चांगला आला, तर खाडी सुधारली असे म्हणायचे, की नमुना भरतीत घेतला असे?

तिसरी गोष्ट जड धातूंची. ते या चार घटकांत नाहीतच. गाळात साचणारा धातू निर्देशांकाला कळत नाही. खाडीत जाळे टाकणाऱ्याच्या ताटात मात्र तो येऊ शकतो.

आता कचऱ्याकडे वळू. शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर नेला जातो. धूर, दुर्गंधी आणि कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी यांबद्दलच्या गावकऱ्यांच्या तक्रारी हरित लवादापर्यंत पोचल्या आहेत. कचराभूमी कशी असावी, हे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तपशीलवार सांगितले होते. तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे अस्तर हवे. मातीतून पाणी सेकंदाला एक सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून वेगाने झिरपता कामा नये. मुलांकडून हे गणित करून घ्यावे : वर्षाला हे अंतर जेमतेम तीन सेंटिमीटर भरते. शिवाय कचराभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतील भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असे तपासत राहावे, अशी अट होती.

ही ५० मीटरची अट मातीत किंवा वाळूत ठीक आहे. तेथे पाणी बऱ्यापैकी सारखे पसरते. उत्तन-डोंगरीचा खडक तसा नाही. येथे सव्वासहा कोटी वर्षांच्या आसपासचा रायोलाईट आहे. दख्खनच्या ज्वालामुखीचा मुख्य भर ओसरल्यानंतरचा हा लाव्हा. अशा कठीण खडकात पाणी मुरते ते सांध्यांतून आणि भेगांतून. भेग ज्या दिशेला, त्या दिशेला पाणी. त्यामुळे ४० मीटरवरची विहीर स्वच्छ निघावी आणि ३०० मीटरवरची बिघडावी, असे घडू शकते. आधी भेगांचा नकाशा करायचा आणि मग नमुन्याच्या जागा ठरवायच्या, हा योग्य क्रम.

हा नकाशा करण्याचे ज्ञान भूवैज्ञानिकांकडे आहे, तपासणीचा अधिकार मंडळाकडे. मंडळ पर्यावरण विभागाच्या अखत्यारीत येते, भूजल यंत्रणा पाणीपुरवठा विभागाच्या. यंत्रणा राज्यभरातील सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण तिचे काम वाढले ते ग्रामीण पाणीटंचाईच्या निमित्ताने. शहराच्या कडेच्या गावांतील विहिरी अशा वेळी दोन्हींच्या मधल्या फटीत सापडतात.

जर्मनीतील हेसेन राज्याने २००० साली पर्यावरण आणि भूविज्ञान यांची कार्यालये एकत्र केली. बव्हेरियाने २००५ मध्ये तेच केले. नुसती पाटी बदलून पाणी शुद्ध होत नाही हे खरे. तरी विहिरीचा नमुना आणि तिच्याखालचा खडक एकाच टेबलावर आले, तर प्रश्न तरी नीट विचारला जातो. आपल्याकडे कार्यालये वेगळी राहिली तरी हरकत नाही. कठीण खडकावरील प्रत्येक कचराभूमीच्या तपासणीत भूजल यंत्रणेचा नकाशा जोडणे बंधनकारक करावे आणि खाडीच्या प्रत्येक नमुन्यापुढे भरतीची वेळ छापावी. या दोन सुधारणांना मोठा खर्च नाही.

शाळांनाही यात वाटा उचलता येईल. किनाऱ्यावरील शाळेने एकाच दिवशी भरतीला व ओहोटीला सुरक्षित धक्क्यावरून पाणी घ्यावे आणि खारटपणा, गढूळपणा व वास यांची तुलना करावी. उत्तन, चौक, पाली, डोंगरी येथील मुलांनी गावातील विहिरींचा नकाशा करून दोरीने पाण्याची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजावी. पाण्याचा रंग व वास बदलला का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. कचराभूमीजवळ मुलांना नेऊ नये, हे सांगायला नको. अशी चार-पाच वर्षांची वही हाती असली, तर मंडळाकडे मागणी करताना गावाला केवळ तक्रार सांगावी लागणार नाही. कोणत्या विहिरीचे पाणी तपासायचे, हे तारखेनिशी दाखवता येईल.