पक्कड आणि पायवाट : मान्झानार हायस्कूलच्या दोन वार्षिकांचे वाचन

अमेरिकन हायस्कूलचे इयरबुक ही वाङ्मयाच्या इतिहासात सहसा न नोंदली जाणारी वस्तू आहे. आपल्याकडील महाविद्यालयीन वार्षिक नियतकालिकाशी तिचे वरवर साम्य दिसत असले तरी दोहोंचा स्वभाव भिन्न आहे. नियतकालिकात विद्यार्थी प्रामुख्याने लिहितो. कविता, कथा, प्रवासवर्णन यांच्यामागून विभागांचे अहवाल येतात आणि छायाचित्रे गुळगुळीत कागदाच्या चार-सहा पानांवर दाटीवाटीने बसवलेली असतात. इयरबुकात छायाचित्र हाच मुख्य मजकूर असतो. शेवटच्या वर्षातील प्रत्येकाचा चेहरा, त्याखाली नाव, मग संघ, मंडळे, नाटक, नृत्य, खेळ, आणि मित्रांनी स्वाक्षरीसह चार शब्द लिहावेत म्हणून सोडलेली जागा असा त्याचा ठरलेला साचा असतो. हा साचा इतका रूढ आहे की त्यामागे कोणी संपादन केले आहे, काही निवडले आणि काही वगळले आहे, याचे भान वाचकाला राहत नाही. संपादन करणारे सोळा-सतरा वर्षांचे विद्यार्थी तर अदृश्यच राहतात. प्रस्तुत लेखात अशाच एका विद्यार्थी संपादक मंडळाच्या कामाचा विचार केला आहे. ते मंडळ तारेच्या कुंपणाआड बसून आपले वार्षिक तयार करीत होते.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ वर स्वाक्षरी केली. त्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सर्व रहिवाशांना घरे, दुकाने, शेती सोडून छावण्यांत जावे लागले. ही संख्या सुमारे १,२०,००० होती आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. कोणावरही खटला चालला नव्हता. उभारलेल्या दहा छावण्यांपैकी कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्यातील मान्झानार ही एक होय. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ सफरचंदांची बाग असा होतो. पूर्वीच्या वसाहतीची काही फळझाडे तेथे खरोखरच शिल्लक होती आणि स्थानबद्धांनी ती पुन्हा जोपासली. सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, लाकडी चौकटीवर डांबरी कागद ठोकून बांधलेल्या बराकींत एका वेळी दहा हजारांच्या आसपास माणसे राहत होती. भोवती काटेरी तार आणि टेहळणीचे आठ बुरूज होते. ६ डिसेंबर १९४२ रोजी छावणीत उसळलेल्या असंतोषावर सैनिकांनी केलेल्या गोळीबारात दोन तरुण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एकाचे वय अवघे १७ होते. हायस्कूल भरत होते ते याच बराकींत. ते सुरू झाले तेव्हा बाके नव्हती, मुले जमिनीवर बसत.

या शाळेची दोन वार्षिके प्रसिद्ध आहेत. पहिले १९४३-४४ या वर्षाचे 'अवर वर्ल्ड', दुसरे 'व्हॅलेडिक्शन १९४५'. इतर छावण्यांतील शाळांनीही वार्षिके काढली. हार्ट माउंटनचे 'टेम्पो', टोपाझचे 'रॅम्ब्लिंग्ज', तूली लेकचे 'अक्विला' ही त्यांची नावे. जेरोम छावणीतील डेन्सन हायस्कूलने तर शाळेच्या नावावरच श्लेष साधून 'कंडेन्सर' असे नाव घेतले. बंदिवासातही शाब्दिक कोटी करण्याची ही विद्यार्थीसुलभ हौस नोंद घेण्याजोगी आहे. मान्झानारची दोन वार्षिके मात्र विशेष ठरतात, कारण दोहोंना तोयो मियाताके यांच्या छायाचित्रांचा लाभ झाला आणि दोहोंत एकमेकांविरुद्ध भासणाऱ्या दोन प्रतिमा आहेत.

'अवर वर्ल्ड'च्या प्रास्ताविकातील भूमिका स्पष्ट आहे. आपल्या मूळ गावी जे शालेय जीवन होते त्याच्या शक्य तितके जवळ जाण्याचा प्रयत्न आपण केला आणि हे वार्षिक त्या प्रयत्नाची परिणती आहे, असा तिचा आशय आहे. पाने उलटताना हा प्रयत्न ठायी ठायी दिसतो. पुस्तके छातीशी धरून चालणारी, स्वेटर घातलेली मुले, उड्या मारून जल्लोष करणाऱ्या मुली, विद्यार्थी प्रतिनिधी. मुलांच्या मागे मात्र डांबरी कागदाच्या बराकींची रांग असते. वार्षिकात 'ग्रोइंग पेन्स' या शालेय नाटकाची माहिती आहे. मॅकिन्टायर नावाच्या 'नेहमीच्या' अमेरिकन कुटुंबातील वयात येणारी मुले आणि त्यांना दिशा देऊ न शकणारे आईवडील असा त्याचा विषय. त्या कुटुंबातील भूमिका करणाऱ्यांची नावे सगळी जपानी आहेत. ज्या छावणीत कुटुंबे एकत्र जेवेनाशी झाली होती, मुले मित्रांसह एका भोजनगृहात आणि आईवडील दुसऱ्या, असे चित्र सर्रास होते, तेथे हे नाटक बसवले गेले. त्यातील विसंगती संपादकांच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे. त्यांनी त्यावर भाष्य केलेले नाही. भूमिकांची यादी छापली आणि ते पुढे गेले.

या वार्षिकाचे सर्वांत मार्मिक वाचन जीन वाकात्सुकी ह्यूस्टन यांनी पती जेम्स ह्यूस्टन यांच्यासह लिहिलेल्या 'फेअरवेल टू मान्झानार' (१९७३) या आत्मकथनात आढळते. छावणीत गेल्या तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या, म्हणजे वार्षिकातील मुले त्यांच्या थोरल्या भावंडांच्या पिढीची. वार्षिकाच्या अखेरीस दोन पानांवर पसरलेल्या छायाचित्राकडे त्या लक्ष वेधतात. निष्पर्ण एल्म वृक्षांमधून जाणारी, पांढऱ्या दगडांनी आखलेली पायवाट. त्यावरून दोन कुत्र्यांसह चाललेली एक वृद्धा. मागे बर्फाच्छादित शिखरे. ती वाट छावणीच्या सीमेकडे जाते, पण तार दिसत नाही. चौकटीबाहेर राहिली असावी किंवा अस्पष्ट झाली असावी.

'व्हॅलेडिक्शन १९४५' मध्ये याच्या नेमके उलट घडते. काटेरी तारेला भिडलेली पक्कड आणि ती धरणारा एक हात असे मियाताके यांचे छायाचित्र त्यात आहे. टेहळणी बुरूजही आहे. या विषयावरील चर्चेत हीच प्रतिमा पुनःपुन्हा उद्धृत होते आणि त्यातून एक सोयीचे कथानक तयार होते. १९४४ चे संपादक भोळे, सामावून जाण्यास आतुर आणि प्रशासनाच्या मर्जीतले. १९४५ चे संपादक जागृत आणि प्रतिकार करणारे. पायवाटेकडून पकडीकडे, म्हणजे अज्ञानाकडून आत्मभानाकडे झालेला हा प्रवास, असे ते कथानक आहे.

हे कथानक कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. १७ डिसेंबर १९४४ रोजी सैन्याने पश्चिम किनाऱ्यावरील बंदी उठवल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एन्डो खटल्यात एकनिष्ठ नागरिकाला स्थानबद्ध ठेवता येणार नाही असा निर्णय दिला. २ जानेवारी १९४५ पासून परतीचा मार्ग कायद्याने मोकळा झाला. 'व्हॅलेडिक्शन' वाचकांच्या हाती पडले तेव्हा तारेचा जरब उरला होता तो मुख्यतः स्मृतीत. नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंदही झाली. पकडीची प्रतिमा प्रभावी आहे यात शंका नाही, पण ती तार तोडण्याचे आवाहन नसून तुटलेल्या तारेची नोंद आहे. विकलेली घरे आणि गेलेले व्यवसाय पाहता बाहेर कोठे जायचे, हा त्या वर्षीचा खरा प्रश्न होता.

याउलट 'अवर वर्ल्ड' तयार होत होते ते वर्ष पाहावे. १९४३ च्या आरंभी घेतलेल्या निष्ठाविषयक प्रश्नावलीने कुटुंबाकुटुंबांत फूट पाडली होती. 'नाही' असे उत्तर देणाऱ्यांना तूली लेक येथे वेगळे काढण्याचे धोरण ठरले आणि मान्झानारमधून ही पाठवणी १९४४ च्या आरंभी, म्हणजे ऐन शालेय वर्षाच्या मध्यात झाली. त्याच जानेवारीत निसेई, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीच्या तरुणांना सक्तीची लष्करभरती पुन्हा लागू करण्यात आली. त्या वर्षी टाय बांधून छायाचित्रासाठी बसलेल्या मुलांना ज्या सरकारने कोंडले होते त्याच सरकारचे बोलावणे लवकरच येऊ शकत होते. हार्ट माउंटन छावणीतील ६३ तरुणांनी हक्क परत मिळेपर्यंत भरती होण्यास नकार दिला आणि जून १९४४ मध्ये ते दोषी ठरले. अशा वर्षात एखाद्या संपादक मंडळाने शेवटच्या वर्गातील चेहरे नावासह ओळीने मांडावेत, आणि त्या पुस्तकाला 'आमचे जग' म्हणावे, ही कृती भोळेपणाची म्हणता येणार नाही. शीर्षकातील 'आमचे' हे सर्वनाम निर्वासन खात्याच्या कागदपत्रांत या मुलांना मिळालेल्या कुटुंब क्रमांकाशेजारी ठेवून वाचले पाहिजे.

येथे छायाचित्रकाराचा विचार अपरिहार्य ठरतो. मियाताके हे लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो भागातील नामवंत व्यावसायिक. स्थानबद्धांना कॅमेरा बाळगण्यास मनाई असताना त्यांनी भिंग आणि फिल्मचा धारक लपवून आणला आणि छावणीतील सुताराकडून लाकडी खोके बनवून घेतले. पुढे ते छावणीचे अधिकृत छायाचित्रकार झाले, तरी सुरुवातीला चौकट ठरवायची त्यांनी आणि कळ दाबायची गौरवर्णीय सहायकाने, अशी विचित्र अट होती. १९४२ मध्ये डोरोथिया लँग यांनी तेथे टिपलेली छायाचित्रे सैन्याने युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवली. १९४३ मध्ये आलेल्या अॅन्सेल अॅडम्स यांना तार, पहारेकरी आणि बुरूज टिपण्यास परवानगी नव्हती. म्हणजे चौकटीबाहेर तार राहणे ही केवळ सौंदर्यदृष्टीची बाब नव्हती. विद्यार्थी संपादकांच्या हाती उरत होती ती पानांची मांडणी. कोणते चित्र शेवटी यावे, एवढा निर्णय. त्या जागी छावणीच्या सीमेकडे जाणारी वाट आली, हे लहान गोष्ट समजून सोडून देता येत नाही.

अर्थात या वाचनालाही एक अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. विद्यार्थ्यांना हवे असलेले 'नेहमीसारखे' जग आणि प्रशासनाला बाहेर दाखवायचे असलेले सुखी, शिस्तबद्ध छावणीचे जग, ही दोन्ही छायाचित्रात एकसारखीच दिसतात. जल्लोष करणाऱ्या मुलीचे चित्र तिच्या आनंदाची साक्ष देते आणि तिला कोंडणाऱ्या यंत्रणेलाही प्रशस्तिपत्र देते. 'अवर वर्ल्ड'ची ही खरी मर्यादा आहे. ह्यूस्टन यांना ती जाणवली होती, म्हणूनच त्यांनी त्या अखेरच्या चित्राला एकाच वेळी उजाड आणि दिलासा देणारे मानले. पुढील काही समीक्षकांनी या दुहेरीपणातील एकच बाजू उचलली, आणि उजाडपणासाठी त्यांना पकडीच्या चित्राकडे जावे लागले.

दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या असता आणखी एक गोष्ट नजरेत भरते. पकड धरणारा हात निनावी आहे. त्याला चेहरा नाही, म्हणूनच तो प्रतीक होऊ शकतो, व्याख्यानांत आणि प्रदर्शनांत सहज वापरता येतो. 'अवर वर्ल्ड'मधील चेहरे असे वापरता येत नाहीत. ते एका वर्गाचे आहेत, त्यांखाली नावे आहेत, आणि मित्रांनी शाईने काही लिहिलेल्या प्रती छावणीतून निघालेल्या सामानात घरोघर गेल्या. १९४४ मध्ये स्थानबद्धांनीच बांधलेले मान्झानारचे सभागृह आज तेथील राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचे अभ्यागत केंद्र आहे. युद्धानंतर काढून टाकलेल्या बुरुजांपैकी एक २००५ मध्ये नव्याने उभा करावा लागला.